त्यांच्या घराण्यातच आहे

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत राहणारे जुन्या वळणाच्या आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक मोटार बाळगत नाहीत, पण वंशावळी पिढ्यान् पिढ्या जपतात. जॅनिस एगलँड या संशोधिकेने त्यांच्यातल्या 1880 ते 1980 या शंभर वर्षांतल्या आत्महत्या शोधून काढल्या. एकूण 26. त्यातल्या 24 जणांना बायपोलर किंवा तीव्र नैराश्याचा आजार होता, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश मृत्यू अवघ्या चार घराण्यांतले. 1985 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास इथवरच वाचला, तर स्थळ पाहताना ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ असं हळूच सांगणाऱ्यांना हवा तो पुरावा मिळतो. पण त्याच अभ्यासात दुसरीही घराणी होती. मनोविकार तिथेही दाट, आत्महत्या मात्र नाही.

म्हणजे आजार आणि आत्महत्या घरात एकाच वाटेने येत नाहीत. बायपोलर आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. या रुग्णांना असलेला आत्महत्येचा धोका इतरांच्या 10 ते 30 पट मानला जातो. तरीही बहुतेक रुग्णांचा शेवट आत्महत्येत होत नाही. एकाच आजाराची दोन माणसं इतक्या वेगळ्या ठिकाणी का पोचतात, याचं उत्तर आधी जनुकांत शोधलं गेलं. 1987 मध्ये याच आमिश कुटुंबांच्या आधारे 11व्या गुणसूत्रावर बायपोलरचा दुवा सापडल्याचं जाहीर झालं. पुढे निरोगी धरलेल्या काही जणांना आजार झाला, वंशावळीत आणखी नातेवाईक जोडले गेले, आणि 1989 मध्ये तो पुरावा कोसळला.

एपिजेनेटिक्सकडे लोक वळले ते अशा निराशांनंतर. जनुकातली अक्षरं तीच राहतात. त्यांवर मिथाइल नावाचा लहानसा रासायनिक गट चिकटला की ते जनुक कमी वाचलं जातं. पोथीतल्या ओवीवर चिठ्ठी डकवावी तसं: ओवी पुसली जात नाही, पण वाचणारा ती गाळून पुढे जातो. अशा काही चिठ्ठ्या आयुष्यातल्या अनुभवांनी डकवल्या जातात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांनी 2004 मध्ये हे उंदरांत दाखवलं. आईने चाटून-गोंजारून वाढवलेल्या पिल्लांत आणि दुर्लक्षित पिल्लांत कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकावरच्या खुणा वेगळ्या होत्या.

2009 मध्ये तिथल्याच गटाने माणसाच्या मेंदूकडे मोर्चा वळवला. मृत्यूनंतर जतन केलेल्या 36 मेंदूंचे तीन गट होते: बालपणी छळ सोसून पुढे आत्महत्या केलेले, छळाविना आत्महत्या केलेले, आणि इतर कारणांनी गेलेले. पहिल्या गटात मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या त्या जनुकावर मिथाइलच्या खुणा जास्त होत्या. कॉर्टिसोल ओळखून ताणाला लगाम घालायचं काम ज्या ग्राहकांचं (रिसेप्टरचं), तेच तिथे कमी बनत होते. ‘आत्महत्येची खूण सापडली’ असा याचा अर्थ लावणं सोपं आहे, आणि चूक. दुसऱ्या गटातल्यांनीही आत्महत्याच केली होती, पण त्यांचे मेंदू तिसऱ्या गटासारखेच निघाले. ही खूण छळाशी निगडित होती. छळ सोसूनही आत्महत्या न केलेल्यांचा चौथा गट या अभ्यासात नव्हता, आणि ही माणसं काही बायपोलरचे रुग्ण म्हणून निवडलेली नव्हती. त्यामुळे याहून मोठा दावा या 36 मेंदूंवर लादू नये. पण एवढाही मला पुरेसा वाटतो: ज्याला आपण रक्तातला दोष म्हणतो, त्यातला काही भाग घरातल्याच कुणाच्या तरी वागण्याचा हिशेब असू शकतो. घराण्याला बोल लावायचाच तर तो इथे लावावा.

तरी उत्साह दुसऱ्याच गोष्टीचा आहे. 2014 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने एसकेए-2 या जनुकावरच्या खुणांचा आत्महत्येशी संबंध दाखवला आणि ‘आत्महत्या सांगणारी रक्ततपासणी’ अशा बातम्या झाल्या. जरा गणित करून पाहू. समजा, हजार रुग्णांपैकी दहा जण वर्षभरात जीव द्यायचा प्रयत्न करतील आणि चाचणी नव्वद टक्के अचूक आहे. ती नऊ जणांना बरोबर हेरेल आणि नव्याण्णव जणांवर उगाच शिक्का मारेल. नव्वद टक्के ही अचूकताही मी उदार होऊन धरली आहे. 2017 मध्ये पन्नास वर्षांतले 365 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याही धोकाघटकावरून केलेलं भाकीत नाणेफेकीहून जेमतेमच सरस ठरलं. या नव्याण्णव जणांचा अहवाल विमा कंपनीच्या किंवा व्याह्यांच्या हाती पडला तर काय होईल, हे आपल्याकडे कुणी समजावून सांगायची गरज नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायला सांगितलं आहे. लग्नाच्या बैठकीत तो कायदा बसत नाही.

रक्ततपासणी हवीच असेल तर एक आहेच, जुनी आणि स्वस्त: लिथियमची पातळी. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी बायपोलरमधल्या उन्मादावर वापरलेल्या या क्षाराने आत्महत्या घटतात, असं 2013च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. नंतरच्या एका अमेरिकी चाचणीत माजी सैनिकांमध्ये तसा फायदा दिसला नाही, म्हणून त्याला रामबाण म्हणणार नाही. पण पातळी, थायरॉइड आणि किडनी नियमित तपासून तो चालू ठेवणं, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मनानेच एकदम बंद न करणं, हे आज हातात आहे. अचानक बंद केल्यावरचे महिने विशेष धोक्याचे असतात. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी लहानपणाबद्दलही विचारावं, आणि तेव्हा नातेवाइकांना खोलीबाहेर बसवावं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांना तो प्रश्न माणूस गेल्यानंतर त्याच्या नातेवाइकांनाच विचारावा लागला होता. आपल्यासमोरचा माणूस जिवंत आहे. रात्री-अपरात्री दवाखाना बंद असेल तर त्याच्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.