रायगडाच्या पायथ्याशी राहून गेलेली जोडणी

एखाद्या प्रदेशाच्या दळणवळणाचा इतिहास सहसा बांधून झालेल्या कामांवरून लिहिला जातो. अमुक साली पूल झाला, तमुक साली आगगाडी आली, घाट फोडला गेला, अशा नोंदींची ती मालिका असते. त्याच काळात आखल्या गेलेल्या पण जमिनीवर न उतरलेल्या योजनांची दखल मात्र फारशी कोणी घेत नाही, आणि त्यामुळे जी कामे झाली ती तशीच व्हायची होती, असा समज हळूहळू रूढ होतो. वास्तविक कोणत्या योजना मार्गी लागल्या आणि कोणत्या बासनात गेल्या, हे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे नियोजन करणाऱ्यांचे अग्रक्रम स्पष्ट दिसू लागतात. ज्या स्थळी दरवर्षी लाखो माणसे बाहेरून येतात आणि ज्याच्या भोवती तुलनेने विरळ, डोंगराळ वस्ती आहे, तेथे ही तपासणी विशेष उपयोगी ठरते. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला असलेले महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९७१ साली खुल्या झालेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या विस्तीर्ण मनोरंजननगरीच्या मूळ कल्पनेत विमानतळ, उद्योगवसाहत, नियोजित नगर आणि मनोरंजन उद्यान या सर्वांना एकाच मोनोरेलने, म्हणजे एका रुळावरून धावणाऱ्या उन्नत गाडीने, ओवण्याचा विचार होता. वॉल्ट डिस्ने यांचे १९६६ च्या डिसेंबरात निधन झाले, नगराची कल्पना मागे पडली आणि मोनोरेल प्रत्यक्षात आली ती पहिले उद्यान आणि त्यालगतची हॉटेले यांच्यापुरती. १९८२ मध्ये ती दुसऱ्या उद्यानापर्यंत वाढवण्यात आली; पुढे १९८९ आणि १९९८ मध्ये आणखी दोन उद्याने उघडली तरी ती तेथे पोहोचली नाही आणि ते काम मुख्यतः बसगाड्यांवर सोपवले गेले. बाहेरची प्रवासी रेल्वे आवारात आणून तेथे स्थानक बांधण्याची योजनाही २०२२ मध्ये बारगळली. जमीन एका मालकाची, पैसा हाताशी आणि निर्णय घेणारी संस्था एकच असूनही नेत्रदीपक असा तुकडा बांधला गेला आणि सर्वांना जोडणारी साखळी मागे राहिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रायगड हे मनोरंजनाचे ठिकाण नव्हे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ६ जून १६७४ रोजी जेथे शिवराज्याभिषेक झाला त्या गडावर येणारा माणूस श्रद्धेने येतो, आणि पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी त्याचे हात आपोआप जोडले जातात. तथापि येणाऱ्यांचे हेतू कितीही भिन्न असले तरी वाहतुकीच्या दृष्टीने अशा सर्व स्थळांचे गणित सारखेच असते: माणसे दुरून येतात, ठरावीक दिवशी एकदम येतात, थोड्या तासांत परततात आणि त्यांचा शेवटचा टप्पा सर्वांत अवघड असतो. या शेवटच्या टप्प्यालाच रायगडावर सर्वांत आधी उत्तर मिळाले. हिरकणीवाडीहून गडमाथ्यावर जाणारा रोपवे १९९६ मध्ये सुरू झाला. सुमारे ७५० मीटर लांबीच्या दोरावरून तो पाळण्यातील प्रवाशांना चार-पाच मिनिटांत वर पोहोचवतो, आणि चौदाशेहून अधिक पायऱ्या चढणे ज्यांना झेपत नाही अशा वृद्धांना व अपंगांना त्यामुळे गडाचे दर्शन शक्य झाले. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या वाटेचा तो अखेरचा अंश आहे, ती वाट तपासली म्हणजे चित्र बदलते.

मुंबईहून आगगाडीने निघालेला प्रवासी रायगडासाठी वीर या स्थानकावर उतरतो. तेथून महाड शहर दहा-बारा किलोमीटर आणि महाडहून नाते, कोंझर, पाचाड असा रायगडाचा पायथा आणखी पंचवीसेक किलोमीटर आहे. दिवा-सावंतवाडी गाडीतून उतरलेल्या कुटुंबाने पिशव्या सावरत महामार्ग गाठायचा, मिनीडोर किंवा विक्रम पकडून महाडचे एसटी स्थानक गाठायचे, तेथे पाचाडची गाडी केव्हा याची खिडकीवर चौकशी करायची आणि पायथ्याशी पोहोचल्यावर पुन्हा रोपवेच्या रांगेत उभे राहायचे, असा हा प्रवास आहे. त्यात तीन वेळा वाहन बदलावे लागते आणि त्यांपैकी एकही वेळ दुसरीशी जुळवलेली नसते. दोराचा पाळणा चार मिनिटांत वर जातो, परंतु त्या पाळण्यापर्यंत पोहोचण्यातच अर्धा दिवस खर्ची पडतो. साहजिकच ज्याला परवडते तो स्वतःची मोटार आणतो, आणि मग अरुंद रस्त्यावरची कोंडी हाच रायगडाच्या वाहतुकीचा एकमेव प्रश्न आहे असे वाटू लागते.

रेल्वे महाड शहरात का आली नाही, याचे कारण अभियांत्रिकीत आहे. कोकण रेल्वेची आखणी वेगवान गाड्यांसाठी झाली आणि तिचा चढ दीडशे मीटरला एक मीटर यापेक्षा तीव्र असू नये असे बंधन घालून घेण्यात आले. त्यामुळे मार्ग सावित्री ओलांडून सापे वामने, करंजाडी, विन्हेरे असा वळला आणि चार किलोमीटरहून लांब अशा नातूवाडीच्या बोगद्यातून खेडकडे गेला. महाड शहर एका बाजूला राहिले आणि पोलादपूर तालुक्याला तर रेल्वे लाभलीच नाही. या निर्णयात दोष काढता येत नाही, कारण संपूर्ण कोकणपट्टीचा विचार करताना एका शहरासाठी मार्ग वाकडा करणे शहाणपणाचे झाले नसते. दोष असलाच तर तो त्यानंतरच्या स्वस्थतेत आहे. वीरपर्यंत रूळ १९९३ मध्ये पोहोचले, संपूर्ण मार्ग १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी खुला झाला. पण स्थानक आणि शहर, शहर आणि गड यांना गाडीच्या वेळापत्रकाने बांधणारी पूरक बससेवा, म्हणजे मुख्य वाहतुकीला प्रवासी आणून देणारी आणि तिच्यावरून उतरवून घेणारी सेवा, कायमस्वरूपी उभी राहिली नाही.

याच कोकण रेल्वेने दुसरा एक धडाही दिलेला आहे. अ. ब. वालावलकर, बॅ. नाथ पै, मधू दंडवते अशा अनेकांनी जिचा पाठपुरावा केला ती ही रेल्वे कित्येक दशके कागदावरच होती. १९९० मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही राज्ये भागीदार झाली, कर्जरोख्यांतून पैसा उभा राहिला आणि आठ वर्षांत काम पूर्ण झाले. सह्याद्री जितका अवघड होता तितकाच राहिला. बदलली ती जबाबदारीची रचना. न बांधलेली योजना अशक्य असते असे नव्हे, पुष्कळदा तिला एक धनी नसतो एवढेच.

सावित्रीच्या जलमार्गाची कथा याहून बोलकी आहे. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी बाणकोटच्या खाडीतून दासगावपर्यंत बोटी येत आणि महाडची बाजारपेठ त्या पाण्यावर पोसली गेली. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पद्मावती बोटीने निघून दासगावला उतरले. धरमतरमार्गे मोटारीने यायचे तर मोटारमालकांनी ऐनवेळी नकार दिल्यास अडकून पडण्याचा धोका होता, उलट दासगावहून पाच मैलांवरचे महाड पायीही गाठता येणार होते. वाहतुकीच्या साधनावर कोणाचा ताबा आहे आणि ते कोणाला नाकारले जाऊ शकते, हा विचार किती मूलभूत आहे, याचे हे एकच उदाहरण पुरेसे आहे. पुढे गाळ साचत गेला, रस्ते सुधारले आणि बोटी थांबल्या. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने सावित्री नदी आणि बाणकोट खाडी यांना जलमार्ग क्रमांक ८९ असा दर्जा दिला, म्हणजे जुना मार्ग कायद्याच्या पुस्तकात परत आला; दासगावच्या धक्क्यावर मात्र प्रवाशांची बोट परतलेली नाही.

पोलादपूरची स्थिती निराळी आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठमुळे ओळखला जाणारा हा तालुका कोकण आणि देश यांच्यामधील उंबरठा आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला चढणारा रस्ता येथेच मिळतात, आणि प्रतापगडाला कोकणातून जाणारी वाटही हीच. येथे मोठ्या आराखड्यांपेक्षा आपत्तीनेच कामांचा क्रम ठरवलेला दिसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यान सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या अन्य वाहनांसह वाहून गेल्या. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, त्याच पावसात आंबेनळी घाट जागोजागी खचला, आणि महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट अलीकडच्या पावसाळ्यांत वारंवार बंद ठेवावा लागला आहे. १६५ दिवसांत पूल होऊ शकतो हे कौतुकास्पद आहे, पण ती क्षमता प्रेते मोजून झाल्यावरच का जागी होते, हा प्रश्न त्या कौतुकाने मिटत नाही.

मग काही योजना का उभ्या राहतात आणि काही का राहत नाहीत? पहिले कारण असे की, जो प्रकल्प सुटा आहे, ज्याचे तिकीट वेगळे फाडता येते आणि ज्याचे उद्घाटन एका दिवशी करता येते, तो लवकर होतो. रोपवे हा तसा प्रकल्प आहे. जोडणी मात्र रेल्वे, एसटी महामंडळ, सार्वजनिक बांधकाम, पुरातत्त्व विभाग, वन विभाग आणि ग्रामपंचायती यांच्या मधोमध पडते, आणि मधोमध पडलेल्या कामाला कोणाच्याच अंदाजपत्रकात जागा मिळत नाही. २०१७ मध्ये अस्तित्वात आलेल्या रायगड विकास प्राधिकरणाने आणि सुमारे ६०० कोटी रुपयांच्या आराखड्याने गडसंवर्धन आणि महाड-रायगड रस्ता एका छत्राखाली आणले, हे त्या दिशेचे महत्त्वाचे पाऊल होते. पण रस्ता रुंद करणे आणि त्यावरून कोण, कशाने, केव्हा जाणार हे ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे कारण गर्दीच्या स्वरूपात आहे. वर्षातील थोड्याच दिवशी होणारी कमाल गर्दी गृहीत धरून कायमचे बांधकाम केले तर ते एरवी रिकामे राहते, आणि सरासरी गृहीत धरली तर ६ जूनला ते अपुरे पडते. तिसरे कारण मर्यादांचे आहे: संरक्षित स्मारकाभोवती पहिल्या शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आणि त्यापुढील दोनशे मीटरांत नियंत्रण आहे, आणि २०२५ च्या जुलैत रायगड व प्रतापगड यांसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्याने येणाऱ्यांची संख्या आणि राखावयाची शिस्त या दोहोंत भरच पडणार आहे.

या तिन्ही कारणांवर उत्तर नाही असे नाही. राज्याभिषेक सोहळ्याच्या दिवसांत गेली काही वर्षे खाजगी वाहने पायथ्यापासून दूर थांबवून एसटीच्या गाड्यांनी शिवभक्तांची ने-आण केली जाते. दरड आणि पाऊस यांचा धोका असतानाही अनेक खाती त्या दिवसांपुरती एकत्र बसतात आणि व्यवस्था चालते. दोन दिवस जे जमते ते उरलेल्या वर्षात लहान प्रमाणावर का जमू नये, याला पैशाची अडचण हे उत्तर देता येणार नाही, कारण येथे नवे काही बांधायचेच नाही.

न बांधलेल्या योजनेचा आणखी एक परिणाम दुर्लक्षिला जातो. ती रद्द झाल्याचे कोणी जाहीर करत नाही. म्हणून ती लोकांच्या मनात जिवंत राहते आणि लहान सुधारणांना अडवते. पुढे मोठे काही होणार आहे, मग आज बसथांब्याला शेड कशाला, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे टिकतो. याचा भुर्दंड पर्यटकाला क्वचितच बसतो, कारण तो दुसरे स्थळ निवडू शकतो. तो बसतो रायगडवाडी, सावरट किंवा पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर राहणाऱ्या माणसाला, ज्याला बाजार, महाविद्यालय आणि दवाखाना यांसाठी महाड गाठण्यावाचून पर्याय नाही. स्थळाकडे माणसे आणण्याचे नियोजन आणि स्थळाजवळच्या माणसांना बाहेर पडता यावे याचे नियोजन एकाच रस्त्यावर होत असते, पण आराखड्यात पहिल्याचेच नकाशे सापडतात.

म्हणून प्राधिकरणाने आणि शासनाने दोन साध्या गोष्टी कराव्यात. वाहतुकीच्या प्रत्येक जाहीर झालेल्या योजनेची सद्यःस्थिती दरवर्षी प्रसिद्ध करावी आणि जी होणार नाही ती कारणांसह मागे घ्यावी. आणि कोणत्याही नव्या मोठ्या घोषणेपूर्वी वीर स्थानकाबाहेर गाडीच्या वेळेला पाचाडची एक आणि पोलादपूरची एक अशा दोन एसटी गाड्या रोज उभ्या कराव्यात. त्या वर्षभर भरून धावल्या तर पुढच्या आराखड्याला खरे आकडे मिळतील, आणि नाही धावल्या तर तो आराखडा कागदावरच ठेवणे सर्वांच्या हिताचे ठरेल.