घरातली शाळा आणि परके गाव



वसईतल्या ख्रिस्ती माणसापुढे 'शाळा' म्हटले की चर्चचे आवार उभे राहते. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला शाळा आणि मधल्या मैदानात धुळीने माखलेली पोरे. धर्मगुरू आणि धर्मभगिनींनी शाळा चालवल्या म्हणून आपल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा पाटी आली, हे आपण विसरलेलो नाही. त्यामुळे एखादे कॅथलिक कुटुंब मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवते असे कानावर आले की आपल्या कपाळावर आठी उमटते. त्यात ते कुटुंब दूरच्या प्रांतातून नुकतेच राहायला आलेले असले, तर मग विचारायलाच नको. 'मुले दिवसभर घरात करतात तरी काय?' 'आपल्यात मिसळायचे नाही वाटते ह्यांना?' मिस्सा सुटल्यावर फाटकापाशी हे प्रश्न विचारले जातात. त्या कुटुंबाला सोडून बाकी सगळ्यांना विचारले जातात.

अशी कुटुंबे आपल्याकडे मोजकीच. अमेरिकेत मात्र ती पुष्कळ आहेत आणि तिथल्या कॅथलिक कुटुंबांतही ही पद्धत चांगली रुजली आहे. २०२० साली करोनाने तर सगळ्यांचीच शाळा घरात आणून बसवली होती. तेव्हा 'घरी शिकवणे' म्हणजे काय कष्ट असतात, हे आपल्या आयांना पुरते कळले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू या. घरी शिकवणारे आईवडील ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीविरुद्ध काही करत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली कुटुंबाला जणू घरातली ख्रिस्तसभाच म्हटले, आणि १९६५ साली शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रात आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ साली कुटुंबाविषयीच्या पत्रात हे कर्तव्य पालकांना दुसऱ्यावर पूर्णपणे सोपवून मोकळे होता येत नाही, असे बजावले. पोरांना शाळेच्या व्हॅनमध्ये कोंबले, रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला धाडले की आपले काम झाले, असे समजणाऱ्या आपल्यासारख्यांनाच हा टोला अधिक लागतो. पण त्याच पत्रात पोपमहोदय आणखी एक गोष्ट सांगतात. कुटुंब हा शिक्षण देणारा पहिला समूह आहे, एकमेव नव्हे.

खरा नैतिक प्रश्न इथून सुरू होतो. आपल्या मुलांची श्रद्धा आपल्या हातांनी घडवणे योग्यच. पण जुने गाव सुटले, नव्या गावात कुणी ओळखत नाही, अशा वेळी ती श्रद्धा चार भिंतींत राखून ठेवणे पुरेसे आहे काय? आणि तसे होत असेल, तर दोष त्या घराचा की गावाचा?

ह्या प्रश्नाचा विचार करताना मला एक कुटुंब राहून राहून आठवते. आपल्या चर्चमध्ये जिच्यापुढे आपण गुलाब ठेवतो, त्या लिझ्यूच्या छोट्या तेरेजाचे कुटुंब. फ्रान्समधल्या आलाँसों गावी २८ ऑगस्ट १८७७ रोजी तिची आई झेली मार्टिन कर्करोगाने वारली. मागे पाच मुली. थोरली मरी सतरा वर्षांची, धाकटी तेरेजा पाचही पुरी नव्हती. वडील लुई मार्टिन तेव्हा चोपन्न वर्षांचे. त्या वयात माणूस नवे गाव शोधत नाही. आलाँसोंला त्यांचे मित्र होते, वृद्ध आई होती, पत्नीची कबर होती. तरीही मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून त्याच नोव्हेंबरात त्यांनी बिऱ्हाड लिझ्यूला हलवले. नकाशावर हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतच भरते. आपली मुले टोरांटोला जातात त्या मानाने काहीच नाही. पण अंतर नुसते किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. ज्या गावात आपल्या आईला कुणी पाहिलेलेच नाही, ते गाव दूरच असते.

लिझ्यूला तेरेजा शाळेत गेली नाही. दोन नंबरची बहीण पोलिन तिला घरी शिकवू लागली. सकाळची प्रार्थना दोघी मिळून करत, मग धडा. तेरेजाने स्वतःहून वाचलेला पहिला शब्द 'स्वर्ग' ह्या अर्थाचा होता. धर्मशिक्षण आणि बायबलचा इतिहास तिला फार आवडे. व्याकरणाने मात्र पुष्कळदा रडवले. (संत झाली तरी व्याकरण सुटले नाही, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.) रात्री वडील आणि बहिणी एकत्र बसत, उपासनावर्षावरचा दॉम गेरांजे ह्यांचा ग्रंथ मोठ्याने वाचला जाई, आणि शेवटी सगळ्यांची एकत्र प्रार्थना.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बघा, आदर्श घर! घरातच सारे काही होते. पण तसे नव्हते. लुई मार्टिन रोज दुपारी त्या चिमुरडीला फिरायला नेत, आणि रोज एका वेगळ्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकवत. नव्या गावाची ओळख त्यांनी लेकीला अशी करून दिली. रस्त्यात भेटणाऱ्या गरिबांना ते तिच्याच हातून भिक्षा देववत. एकदा कुबड्यांवर चालणाऱ्या एका माणसाला तिने नाणे देऊ केले, त्याने ते घेतले नाही. तिला फार लागले. आपल्या प्रथम कम्युनियनच्या दिवशी ह्या माणसासाठी प्रार्थना करीन असे तिने ठरवले आणि पाच वर्षांनी ते पाळले. कुठल्याही पुस्तकातून हा धडा देता आला नसता. त्यासाठी तो अनोळखी माणूस आणि तो अनोळखी रस्ताच हवा होता.

तिच्या पहिल्या पापनिवेदनाची गोष्टही अशीच. पोलिनने तिला शिकवले होते की आपण माणसाला नव्हे, देवाला पापे सांगतो. त्यावर पोरीचा प्रश्न: मग फादर द्युसेलिए ह्यांना 'मी तुमच्यावर मनापासून प्रेम करते' असे सांगायला हवे ना? कारण मी तर देवाशीच बोलणार! प्रत्यक्ष पापनिवेदनाच्या वेळी ती इतकी बुटकी, की फादरांना खिडकीपलीकडे कुणी दिसेचना. तिला उभे राहायला लावावे लागले. घराने तिला त्या खिडकीपर्यंत आणून सोडले. क्षमा मात्र घर देऊ शकत नव्हते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, ती झाकण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर १८८१ मध्ये साडेआठ वर्षांची तेरेजा बेनेदिक्तिन भगिनींच्या शाळेत गेली. अभ्यासात ती पुढे होती, म्हणून तिला मोठ्या मुलींत बसवले. तिथे तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीने मत्सरापायी तिचा छळ मांडला. तेरेजाला उलट बोलता येईना. ती गुपचूप रडे. शाळेतली ती वर्षे आयुष्यातली सर्वांत दुःखाची होती, असे तिने पुढे लिहिले. तेरा वर्षांची असताना वडिलांनी तिला शाळेतून काढले आणि एका बाईंकडे खाजगी शिकवणी लावली.

ह्यावरून शाळा वाईट असा निष्कर्ष काढणारे आहेत, आणि घरात कोंडल्यामुळे पोर बावळट झाली असे म्हणणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही. तिची बहीण सेलिन त्याच घरातली, त्याच शाळेतली. तिने टक्कर दिली. लिओनीही त्याच घरातली, पण तिचे बालपण अतिशय अवघड गेले आणि मठात स्थिर व्हायला तिला कित्येक खेपा घालाव्या लागल्या. लुई आणि झेली ह्यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी संत घोषित केले ते त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीसाठी नव्हे. त्यामुळे मार्टिन कुटुंबाचा दाखला देऊन 'आम्ही करतो तेच बरोबर' असे कुणी म्हणू नये. शाळेवाल्यांनीही नाही, घरवाल्यांनीही नाही.

मला त्या कथेत वेगळेच काही दिसते. मार्टिन कुटुंब लिझ्यूला आले तेव्हा तिथे मामाचे घर आधीच होते. इझिदोर गेराँ हे गावातले औषधविक्रेते, चर्चमधले मानाचे गृहस्थ. रविवारी मोठ्या मिस्साला सारे मिळून जात, संध्याकाळ मामाकडे जाई. त्यांना गावात शिरायला एक दार उघडे होते.

आपल्या धर्मग्रामात नवे कुटुंब येते तेव्हा हे दार कुठले? बहुतेकांसाठी ते शाळेचे फाटक असते. पोराला सोडायला गेलेली आई तिथे चार बायकांशी बोलते, गणवेश कुठे शिवायचा इथपासून सुरुवात होते, आणि महिन्याभरात ती कुणाची तरी 'अमक्याची मम्मी' झालेली असते. घरी शिकवणाऱ्या कुटुंबाला हे फाटक नाही. पालकसभा नाही, स्नेहसंमेलन नाही. आपल्याला भेटण्यासाठी त्यांच्याकडे आठवड्यातून एकच तास आहे, तो म्हणजे रविवारची मिस्सा. ज्या घराला श्रद्धेसाठी सर्वांत जास्त झटायचे आहे, त्याला आपण सर्वांत कमी भेटतो.

अशा घराला एक मोहही होतो. गाव बदलले, मिस्साची भाषा बदलली, ओळखीचे एक गीत कानी पडत नाही. जसेच्या तसे उरते ते फक्त घर: तोच क्रूस, तीच रोझरी, तोच पहाटेचा धडा. मग हळूहळू वाटू लागते की खरी ख्रिस्तसभा ही एवढीच. बाहेर पाहावे तर निम्मी माणसे प्रवचन सुरू होताच ओटीवर जाऊन उभी राहतात! त्यांच्या मुलांना दहा आज्ञाही धड येत नाहीत. हे सगळे खरेच असते, म्हणून तर मोह मोठा. पण तीमथ्याकडे पाहा. त्याची श्रद्धा आजी लोईस आणि आई युनीके ह्यांच्याकडून आलेली, पूर्णपणे घरातली. तरी प्रेषितांच्या कृत्यांत त्याच्याविषयी चांगले बोलतात ते लुस्त्र व इकुन्य इथले बंधू. आजीची साक्ष तिथे नाही. घरातली श्रद्धा घराबाहेरच्या माणसांनी ओळखली, आणि मग पौलाने त्याला सोबत घेतले.

बाहेरच्या माणसांनी, म्हणजे आपण. आपण कशाची वाट पाहतो? १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत एक सुंदर तरतूद आहे. कायम राहण्याच्या इराद्याने जो आला, तो आला त्या दिवसापासून त्या धर्मग्रामाचा झाला. तिथले धर्मगुरू त्याचे धर्मगुरू झाले (कलम १०२ आणि १०७). कुणी ओळख करून द्यावी लागत नाही, वाडवडील इथले असावे लागत नाहीत. कलम ५२९ तर धर्मगुरूंना घरोघर जायला आणि एकाकी व देशोधडीला लागलेल्यांना मुद्दाम शोधायला सांगते. पण दोन-तीन धर्मगुरू किती जिने चढणार? नव्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरचे दार ज्यांना रोज दिसते, ते दुसऱ्या मजल्यावर राहतात.

शाळा सुटल्यानंतर तेरेजाला 'मरियाकन्या' संघात प्रवेश हवा होता. त्यासाठी आठवड्यातून दोन दुपारी जुन्या शाळेत परतावे लागे. इतर माजी विद्यार्थिनींची तिथे कुणी ना कुणी लाडकी शिक्षिका असे. तिचे तसे कुणी नव्हते. ती मुकाट्याने आपले हातकाम पुरे करी आणि वडील न्यायला येईपर्यंत चॅपेलच्या सज्जात साक्रामेंतातल्या येशूपाशी बसून राही. त्या येशूने तिला पुरेपूर सांभाळले, ह्यात शंका नाही. पण त्या इमारतीत तेव्हा माणसे काही कमी नव्हती.

आपल्या प्रथम कम्युनियनच्या वर्गाचा फॉर्म भरताना त्यात शाळेचे नाव विचारलेले असते. ती जागा कोरी ठेवलेला एखादा फॉर्म आला, तर वर्ग घेणाऱ्यांनी तो 'अपुरा' म्हणून बाजूला काढू नये. पत्ता बघावा आणि वर्ग सुरू होण्याआधी कुणीतरी त्या घरी जाऊन चहा घेऊन यावा. मुलाला प्रश्नोत्तरे आपल्यापेक्षा चांगली येत असतील, तर त्याच्या आईलाच एखादा वर्ग घ्याल का, असे विचारावे. आणि त्या आईनेही, 'आमच्या बाळाची कम्युनियन वेगळी, घरच्यांपुरती करता येईल का?' असे फादरांना विचारण्याआधी, त्याला एकदा इतर मुलांच्या रांगेत उभे राहू द्यावे.