प्रश्न कोणाचा?

।। श्रीहरि ।।

श्रीमद्भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी ज्ञान मिळविण्याची तीन साधने अर्जुनास सांगितली आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. पैकी पहिले व तिसरे आपल्या परिचयाचे. नमस्कार कसा करावा हे वारकऱ्याच्या लेकरास शिकवावे लागत नाही, आणि सेवा तर आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. पण मधला जो परिप्रश्न, त्याच्याकडे आपले दुर्लक्ष होते. परिप्रश्न म्हणजे नुसता प्रश्न नव्हे. ‘परि’ म्हणजे चहूबाजूंनी. एखादी गोष्ट चहूबाजूंनी फिरून पाहणे, पुन्हा पुन्हा विचारणे, मनाचे समाधान होईपर्यंत ती न सोडणे, याचे नाव परिप्रश्न. आता हा प्रश्न विचारावयाचा कोणी? ज्याला कळलेले नाही त्याने. विचारावयाचा कोणाला? ज्याला कळलेले आहे त्याला. हा सरळ न्याय आहे.

आता शाळेच्या वर्गात जाऊन बघा. तेथे हा न्याय उलटा झालेला दिसेल. ज्याला ठाऊक आहे तो प्रश्न विचारतो, आणि ज्याला ठाऊक नाही त्याने उत्तर द्यावयाचे! अहो, तहानलेला मनुष्य विहिरीपाशी गेला, तर विहीरच त्याला विचारते, ‘सांग पाहू, माझ्यात पाणी किती?’ आणि बरोबर सांगितले तर शाबासकी, नाही तर उभा राहा. या गडबडीत पाणी प्यावयाचे राहूनच जाते.

घरात तीन-चार वर्षांचे पोर असले म्हणजे त्याचे प्रश्न संपत नाहीत. चांदोबा आपल्याबरोबर का चालतो? मुंगीला तिचे घर कसे सापडते? पांडुरंगाने हात कमरेवर का ठेवले? सांगता सांगता आईचा जीव मेटाकुटीस येतो. त्या पोराला शिकण्यासाठी कोणी बसविलेले नसते. ते चालावयास स्वतः शिकले, पडून पडून शिकले. बोलावयास शिकले, चुकत चुकत शिकले. तेच पोर तेरा वर्षांचे झाले म्हणजे गप्प का होते? छावणीत एका घरी कीर्तनानंतर मंडळी बसली होती. मी एका आठवीतल्या मुलाला देवगिरीच्या किल्ल्याची हकीकत सांगत होतो. मुलगा हुशार, पहिल्या पाचात येणारा. त्याने सगळे नीट ऐकले आणि विचारले, ‘महाराज, हे परीक्षेला आहे का?’ बिचाऱ्याचा दोष नाही. जे परीक्षेला आहे तेवढेच ज्ञान, हे आठ वर्षांत त्याच्या मनावर पक्के ठसले होते.

हे होते कसे, ते थोडे बारकाईने पाहू. गुरुजी वाईट आहेत म्हणून होते असे नाही. एका वर्गात पन्नास-साठ मुले, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास आणि वर्षाच्या आत पुस्तक संपवावयाचे. तेथे प्रत्येकाच्या शंकेला कोण पुरा पडणार? पण त्या रचनेतच चार गोष्टी अशा आहेत की मुलाची स्वतः शिकण्याची सवय मोडते. पहिली, प्रश्न त्याचा नसतो. तो पुस्तकात छापलेला असतो, आणि आता तर उत्तरासकट छापलेले अपेक्षित प्रश्नसंच बाजारात मिळतात. दुसरी, वेळ त्याची नसते. गणितात कोठे मन रमले की घंटा होते, आणि मन तेथून उपटून इतिहासात लावावयाचे. तिसरी, चूक त्याची नसते. ती दुसरा कोणी तांबड्या शाईने दाखवितो. आपली चूक आपण शोधण्याची पाळीच येत नाही. आणि चौथी सर्वांत मोठी. फळ शिकण्याच्या आत नसते, बाहेर असते. ते म्हणजे गुण, क्रमांक, बक्षीस.

या चौथ्या गोष्टीबद्दल एक दृष्टांत ऐका. १९७३ साली अमेरिकेत तीन विद्वानांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ज्या मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, अशी मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, चित्र काढाल तर फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर तेच दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या मोकळ्या वेळात रंगांची पेने पुन्हा समोर ठेवली. तेव्हा ज्यांना आधी आमिष दाखविले होते ती मुले इतरांच्या निम्म्याच वेळ चित्रे काढू लागली! आवड होती, ती बक्षिसाने खाल्ली. सज्जनहो, यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. फळावर दृष्टी ठेवून केलेले कर्म मनुष्याला दीन करते, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगूनच ठेवले आहे. आपण ते शेतीला लावतो, व्यापाराला लावतो. लेकरांच्या अभ्यासाला मात्र लावीत नाही.

मग खरे शिकणे कसे असते? त्यासाठी लांब जावयास नको. छावणीतून जो रस्ता पश्चिमेस जातो, तो दौलताबादला, म्हणजे आपल्या देवगिरीला पोहोचतो. शांतिब्रह्म एकनाथमहाराज लहान वयात, परंपरा सांगते की बाराव्या वर्षी, पैठणहून निघून या देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे आले. त्यांना कोणी धाडले नव्हते. घरी आजोबा चक्रपाणी नातवाला जिवापाड जपत होते. पण आतून जी ओढ लागली, ती घेऊन पोर निघाले. प्रश्न त्यांचा स्वतःचा होता, म्हणून पायही त्यांचेच चालले.

स्वामी त्या किल्ल्याचे किल्लेदार. त्यांनी नाथांना हिशेबाच्या वह्या सोपविल्या. एके दिवशी हिशेबात एका पैचा फरक येऊ लागला. रात्र झाली, सारा किल्ला निजला, आणि नाथ दिव्यापाशी वह्या घेऊन बसले. मध्यरात्र उलटल्यावर चूक सापडली, तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. टाळीने स्वामी जागे झाले. एका पैसाठी एवढा आनंद, मग हीच एकाग्रता भगवंताकडे लागली तर काय होईल, असे स्वामींनी सुचविले, आणि नाथांचे जीवन पालटले. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. पण त्यात एक गोष्ट पाहावयाची राहते. स्वामी निजलेले होते! शिष्याच्या मागे ते उभे नव्हते. वही तपासून तांबडी खूण त्यांनी केली नाही. चूक नाथांची, शोधही नाथांचा, म्हणून टाळीही नाथांची. गुरूने काय केले? काम सोपविले, विश्वास ठेवला, आणि आनंद झाला त्या क्षणी त्याला दिशा दाखविली. सद्गुरूचे लक्षण हेच. तो शिष्याच्या वाटचे चालत नाही.

याच नाथांनी पुढे श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका केली. पैठणास आरंभ केलेला तो ग्रंथ काशीत १५७३ साली पूर्ण झाला. त्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो: पृथ्वी, वारा, समुद्र, पतंग, मधमाशी, कोळी, बाण करणारा कारागीर, कांकणांचा आवाज होऊ नये म्हणून एकच कांकण ठेवणारी कुमारिका. यांतील एकानेही शाळा काढली नव्हती. हे गुरू आपल्या बुद्धीने निवडले, असे अवधूत सांगतो. जगाने धडा दिला नाही, त्याने जगापासून धडा घेतला. पुढे १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, ताडून पाहून, तीनशे वर्षांत शिरलेले अपपाठ काढले. त्या कामालाही कोणी परीक्षक नेमलेला नव्हता.

येथे कोणी पूर्वपक्ष करील, ‘महाराज, मग काय, मुलांची नावे शाळेतून काढावी? नाथांना घरची विद्या होती. आमच्या पोरांना शाळेवाचून आहे कोण?’ शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर छावणीच्या शेजारीच उभे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईस शाळेत असताना त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे मोठेपणी त्यांनी आपल्या हौसेने आणि कष्टाने संस्कृतचा अभ्यास केला. ज्यांची हयात संस्कृत पाठशाळेत गेली त्या आमच्यासारख्यांनी ही गोष्ट मान खाली घालून ऐकण्याजोगी आहे. दार बंद झाले तरी शिकणे थांबले नाही. पण म्हणून ‘दार नकोच’ असे ते म्हणाले का? नाही. १९५० साली त्यांनी याच शहरात महाविद्यालय काढले. गरिबाच्या लेकराला शाळा हे दारच आहे. ते मोडू नये.

पण त्या महाविद्यालयाला त्यांनी नाव कोणते दिले, ते बघा. मिलिंद. आणि परिसराचे नाव नागसेनवन. मिलिंद हा यवन राजा, नागसेन हा बौद्ध भिक्षू. राजाच्या प्रश्नांचा आणि भिक्षूच्या उत्तरांचा ग्रंथ पाली भाषेत प्रसिद्ध आहे. विद्येच्या मंदिराला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव! त्या ग्रंथात संवादाच्या आरंभी नागसेन राजाला अट घालतो. पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर बोलतो, राजांसारखी करणार असाल तर नाही. कारण पंडित चूक दाखविली तर रागावत नाहीत, आणि राजे विरोध करणाऱ्याला दंड करतात. आता आपणच ठरवावे, आपल्या मुलाच्या वर्गात पंडितांची चर्चा चालते की राजांची? आणि आपल्या घरात?

घर म्हटले म्हणजे आपला फडही आला. वैकुंठवासी जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, म्हणून खेडोपाडी नेमाने शिकलेले कीर्तनकार उभे राहिले. संस्था हवीच. पाठांतरही हवे. आम्ही पाठशाळेत रूपावली, अमरकोश, लघुकौमुदी पाठ केली, ती शिदोरी आजही पुरते. पण त्याच पाठशाळेत पतंजलीचे महाभाष्य शिकावे, तर ते पानोपानी शंका आणि समाधान यांनी विणलेले. पाठांतर म्हणजे कणगीत धान्य भरणे. दळून भाकरी करणे म्हणजे मनन. श्रवण, मनन, निदिध्यासन यांतले मधले पाऊल गाळून तिसऱ्यावर उडी मारता येत नाही. कीर्तनात माना डोलतात, टाळ वाजतात, पण उतरताना ‘महाराज, हे मला पटले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणणारा किती दिवसांत भेटतो? तो भेटला तर त्याला उद्धट म्हणू नये. त्याने चौथा अध्याय वाचला आहे असे समजावे.

तेव्हा करावे काय? मुलगा शाळेतून आला म्हणजे ‘किती गुण पडले’ हे विचारण्याआधी ‘आज तू काय विचारलेस’ हे विचारावे. दिवसातला एक तास असा ठेवावा की ज्यात त्याला कोणी काही नेमून दिलेले नाही, शिकवणीही नाही. त्याची चूक आपण लगेच दाखवू नये. ‘कुठेतरी एका पैचा फरक येतोय बघ’ एवढेच म्हणावे, आणि जनार्दनस्वामींसारखे खुशाल निजावे! हरिपाठ पाठ केला तर दहा रुपये, असे काही घरांत चालते. ते तर मुळीच करू नये. ज्या गोडीसाठी हरिपाठ, ती गोडीच त्या दहा रुपयांनी विकली जाते. आणि उत्तर आपल्याला येत नसेल तर ‘चल, दोघे मिळून शोधू’ असे म्हणावे. याने बापाचा मान जात नाही, उलट वाढतो.

शेवटी एकच सांगतो. अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाची परीक्षा घेतली नाही. सर्व सांगितले आहे, त्याचा पूर्ण विचार कर, आणि मग तुला वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याच्या हाती दिला. जो जगाचा गुरू त्याने शिष्याला मोकळे सोडले. आपण आपल्या लेकरांना निदान एक प्रश्न विचारण्याइतके मोकळे सोडू या. रामकृष्ण हरी!