कुलदैवत आणि देवाचे कुळ

परांडे तालुक्यातील सोनारीचा भैरवनाथ हा महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचा कुलस्वामी आहे. घरात लग्नकार्य झाले की नवे जोडपे कुलस्वामीच्या पायांवर घालून आणावे, ही आपल्याकडील जुनी रीत. तिच्यात कृतज्ञता आहे आणि पिढ्यांना एकत्र बांधणारा जिव्हाळाही आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु 'कुलदैवत' हा शब्द मात्र विचार करण्याजोगा आहे. त्यात कुळ आधी येते आणि दैवत मागून. आमच्या घराचे रक्षण करील तो आमचा देव, असा त्याचा व्यवहारातील अर्थ.

हा क्रम एकाच धर्माचा आहे असे कोणी समजू नये. ज्या ख्रिस्ती घरात जेवणापूर्वी प्रार्थना होते, पण ती मुलाच्या परीक्षेपलीकडे आणि धन्याच्या बढतीपलीकडे जात नाही, त्या घरात ख्रिस्तही कुलदैवतच होऊन बसलेला असतो. वस्तुतः त्याची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. काय खावे, काय ल्यावे याची चिंता आधी करू नका. देवाचे राज्य आधी शोधा, बाकीचे मागून मिळेल, असे त्याने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. अन्नवस्त्राला त्याने पाप म्हटले नाही. त्यांना फक्त पहिल्या पाटावरून उठविले. वाद वस्तूंचा नाही, क्रमाचा आहे.

हा क्रम खरोखर बदलला म्हणजे घरात काय होते, याचे मराठीतील ठळक उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. त्यागाची ही कथा आपण आदराने सांगतो. परंतु न्यायबुद्धीला एक प्रश्न टाळता येत नाही : या त्यागाची किंमत कोणी भरली? लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना उत्तर ठाऊक आहे. धर्मांतराचा निर्णय पतीचा. पण त्यानंतरचा वर्षानुवर्षांचा विरह आणि आप्तांच्या घरचे मिंधेपण पत्नीच्या वाट्याला आले. देवासाठी आपला पैसा उधळणे एक, आणि दुसऱ्याचा आधार काढून घेणे दुसरे.

याचे उत्तर शुभवर्तमानातच आहे. आईबापांच्या पोषणाला लागणारे द्रव्य 'देवाला अर्पण केले' असे सांगून जबाबदारी टाळणाऱ्यांना ख्रिस्ताने कठोर शब्दांत फटकारले. उलट, मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान त्याने धनिकांच्या दानाहून मोठे मानले. कारण ती आपल्या स्वतःच्या तोंडचा घास देत होती. तेव्हा देव आधी, याचा अर्थ घरची माणसे शेवटी, असा होत नाही. त्याचा अर्थ 'मी' शेवटी, असा होतो. या दोहोंत महदंतर आहे.

लक्ष्मीबाईंचे मोठेपण येथेच दिसते. नवऱ्याच्या मागून केवळ फरफटत जाणे त्यांनी पत्करले नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, या निर्णयाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये, आपली खात्री पटल्यावरच, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अनाथ मुलांना त्यांनी आईची माया दिली. जिच्यावर त्याग लादला गेला होता, तिने तो आपला करून घेतला. तथापि यावरून लादणाऱ्याचे समर्थन होत नाही, हेही विसरता कामा नये.

पंडिता रमाबाईंनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या आणि केडगावच्या 'मुक्ति'त त्यांना आसरा दिला. तेथे नुसते अन्नछत्र नव्हते. शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग शिकविले जात. रमाबाईंनी घर सोडले नाही, घराची भिंत दूर नेली. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा त्याच कार्यात वाढली आणि १९२१ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत त्यात राबली. देवाला आपल्या कुळात घेण्याऐवजी देवाच्या कुळात आपण शिरावे, ते हे असे.

आपण मध्यमवर्गीय माणसे टिळक किंवा रमाबाई होणार नाही, आणि तशी कोणाची अपेक्षाही नाही. परंतु महिन्याचा जमाखर्च प्रत्येक घरात होतो. त्या वहीत परक्या मुलाच्या फीचा आकडा आधी पडतो की उरलेच तर, आणि काटकसरीची वेळ आली म्हणजे कात्री प्रथम कोणाच्या खर्चाला लागते, मालकाच्या की मोलकरणीच्या, एवढे पाहिले तरी पुरे आहे. आपल्या घरात देव कोणत्या पाटावर बसला आहे हे देवघरापेक्षा त्या वहीत अधिक स्पष्ट दिसते.