योनाचा वेल आणि आमची विहीर

रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी चर्चच्या दारात उभा होतो. एप्रिलचा तिसरा आठवडा होता. सकाळचे साडेनऊ वाजत होते आणि चिऱ्याच्या पायऱ्या एवढ्यातच अशा तापल्या होत्या की चपला काढून खेळणारी मुले एका पायावर नाचत होती. गर्दी पांगल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी जवळ आल्या. पती निवर्तले आहेत, मुलगा मुंबईला असतो. रत्नागिरी शहरातल्या जुन्या कौलारू घरात त्या एकट्या राहतात. क्षेमकुशल काही न विचारता त्यांनी एकदम प्रश्न केला, "फादर, झाड मरू दिलं तर पाप लागतं काय?"

झाड अनंताचे होते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात पतीने लावलेले. आता नळाला पाणी एक दिवसाआड येत होते, परसातल्या विहिरीने तळ गाठला होता आणि डॉक्टरांनी कळशी उचलायला मनाई केली होती. मला पुढे एका आजारी माणसाकडे पवित्र कम्युनियन न्यायचे होते. मी हसून म्हटले, "नाही हो मावशी, झाडाचं कसलं पाप?" त्या क्षणभर थांबल्या. "तसं नव्हे, फादर," एवढेच म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

माझे उत्तर चुकीचे नव्हते. परंतु त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे त्या दोन शब्दांनी मला सांगितले, आणि उरलेला सगळा उन्हाळा ते शब्द माझ्या मागे लागले.

कोकणातल्या उन्हाळ्याची तक्रार केली की विदर्भातली माणसे हसतात. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तेथे आमच्या ३८ अंशांची काय मातब्बरी! पण दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नाही, आणि हवामान खात्यानेही समुद्रकाठासाठी निराळे माप ठेवले आहे: कमाल तापमान ३७ अंश वा अधिक असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी चढलेले असेल, तर ती उष्णतेची लाट. एरवी दुपारी खारा वारा सुटतो आणि जीव थंडावतो. लाटेच्या दिवसांत सह्याद्रीकडून पूर्वेचा कोरडा, भाजका वारा खाली उतरतो आणि खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरतो. अशा दिवसांना आता महिन्याचे बंधन उरलेले नाही. देशात १९०१ पासून ठेवलेल्या नोंदींत २०२२ चा मार्च हा तोवरचा सर्वांत तापलेला मार्च ठरला, आणि लगेच २०२३ चा फेब्रुवारी त्याच मानाचा मानकरी झाला. वैशाख वणवा माघ-फाल्गुनातच दारी येऊ लागला आहे.

त्यात आमची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पडते, आणि जांभ्याच्या छिद्रांतून व डोंगरउतारावरून ते बहुतेक समुद्राला जाऊन मिळते. ज्या अंगणात श्रावणात शेवाळावरून पाय घसरतो, त्याच अंगणात चैत्रात कुंडीभर पाण्यासाठी विचार करावा लागतो.

आता मावशींच्या प्रश्नाकडे वळतो. संत ऑगस्टीन तरुणपणी ज्या मानी पंथात होते, त्या पंथाची अशी समजूत होती की अंजीर तोडले तर झाडाला दुःख होते. पुढे 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्यांनी स्पष्ट केले की 'खून करू नकोस' ही आज्ञा झाडाझुडपांना लागू होत नाही. सेमिनरीत आम्ही हे शिकलो, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळवले. चर्चच्या दारात मी मावशींना दिलेले उत्तर तेच होते. झाडाला हक्क आहेत काय, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. मावशी विचारत होत्या ते वेगळे: मी लावलेल्या झाडाविषयी माझे काही देणे आहे काय?

सड्यावरची करवंदीची जाळी कोणाच्या भरवशावर उभी नाही. तिने आपली मुळे आपल्या हिमतीने कातळाच्या भेगांत घातलेली असतात. कुंडीतला गुलाब तसा नाही. त्याची मुळे कोठवर जातील, हे आपण ठरवले. त्याला रोज पाण्याची सवय आपण लावली. जो जीव आपल्यामुळे परावलंबी झाला, त्याच्याशी आपण न बोलता एक करार केलेला असतो. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. राखणे हे क्रियापद मला मोलाचे वाटते. मशागत फळासाठी करता येते, राखण मात्र फळ नसतानाही करावी लागते. त्यामुळे मावशींच्या मनाची टोचणी ही भाबडेपणाची नव्हती. ती एका कराराची आठवण होती, आणि त्या करारात पती-पत्नीचे उभे आयुष्य गुंतलेले होते.

परंतु इथेच थांबलो तर परसबागेचे देव्हारे माजतील. म्हणून योनाची गोष्ट पुन्हा वाचावी. निनवेचा नाश व्हावा म्हणून रुसून योना शहराबाहेर पूर्वेला जाऊन बसला. देवाने त्याच्यावर सावली धरायला एक वेल वाढवला. (हा वेल कसला, यावरून चर्चच्या इतिहासात खरोखर भांडण झाले आहे. संत जेरोम यांनी भाषांतर करताना रूढ असलेला भोपळ्याचा वेल काढून तेथे आयव्ही घातली, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या एका धर्मसभेत लोक खवळून उठले, असे ऑगस्टीन यांनीच त्यांना पत्राने कळवले. आजचे अनेक अभ्यासक म्हणतात, तो एरंड असावा. आमच्याकडे एरंड कुंपणाला फुकट उगवतो.) योना त्या सावलीने फार सुखावला. दुसऱ्या दिवशी पहाटे किडीने वेल खाल्ला, सूर्य वर आला आणि देवाने पूर्वेचा झळांचा वारा सोडला. सह्याद्रीकडून येणारा आमचा वारा ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला या वाक्याचे विवरण करून सांगावे लागत नाही. योनाला घेरी आली आणि मरण बरे असे वाटू लागले.

त्यावर देव काय म्हणतो, याकडे लक्ष द्या. वेलासाठी हळहळणे चूक आहे, असे तो म्हणत नाही. ज्या वेलासाठी तू कष्ट केले नाहीस, जो एका रात्रीत आला आणि गेला, त्याची तुला कीव येते. मग ज्या महानगरात उजवे-डावे न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत, त्याची मला येऊ नये काय? आणि शेवटी, जणू सहज आठवल्यासारखा, देव गुराढोरांचाही उल्लेख करतो. पुस्तक त्या प्रश्नावर संपते. योनाची कीव देवाने धिक्कारली नाही. ती हाताला धरून तिला वेशीच्या आत नेली. योनाचा दोष एवढाच की वेल गेला म्हणून तो रडला, तेव्हा खरे तर तो स्वतःच्या डोक्यावरचे छत्र गेले म्हणून रडत होता.

हे प्रवचनात सांगणे सोपे आहे. आमच्या आवारात विहीर आहे आणि तिला मे अखेरपर्यंत पाणी टिकते. नऊ माड, हापूसची दोन जुनी कलमे, केळीचे बेट, थोडे अळू आणि मारियामातेच्या ग्रोटोभोवती गुलाबांच्या चौदा कुंड्या. मे महिना मारियामातेचा, म्हणून या गुलाबांना मी मुलांसारखे जपत आलो. त्या एप्रिलच्या एका संध्याकाळी पंप चालू होता आणि पाण्याचा पाइप माडांच्या आळ्यात सोडलेला होता. वरच्या सड्याजवळच्या वाडीतल्या दोन बाया रिकाम्या कळश्या घेऊन गडग्यापाशी आल्या. मी त्यांना म्हटले, "थोडं थांबा, झाडांचं होऊ दे." त्या थांबल्या. कोणी कुरकुर केली नाही. पाऊण तास त्या कलमाखाली बसल्या होत्या आणि मी गुलाबांच्या कुंड्या एकेक करून भिजवत होतो.

रात्री मी कागदावर हिशेब मांडला. वाढलेल्या माडाला उन्हाळ्यात आळ्यातून चार दिवसांनी सुमारे २०० लिटर पाणी द्यावे, अशी शिफारस आहे. म्हणजे रोजचे ५० लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. एक माड आणि एक माणूस, जवळपास बरोबरी! माझे नऊ माड रोज आठ माणसांचे पाणी पीत होते, आणि त्या दोन बाया प्रत्येकी दोन कळश्यांसाठी पाऊण तास ताटकळल्या होत्या.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की प्रीतीलाही क्रम असतो, आणि निकडीच्या गरजेत सृष्टीतल्या वस्तू सर्वांच्या सामायिक होतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पिण्याच्या शुद्ध पाण्याला माणसाचा मूलभूत हक्क म्हटले आहे. हे सारे मला पाठ होते. तरी गडग्यापाशी माझ्या तोंडून निघाले ते, "झाडांचं होऊ दे."

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाची एक गोष्ट आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या दावीदाला बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी आठवले. तिघा वीरांनी जिवावर उदार होऊन शत्रूच्या तळातून ते आणले. दावीदाने ते प्यायले नाही, परमेश्वरापुढे ओतून टाकले. त्या पाण्यात त्याला त्या तिघांचे रक्त दिसले. पाणी कोणी आणले, हा प्रश्न आपल्या घरांतही विचारायला हवा. मी धर्मग्रामातल्या पुष्कळ घरी जातो. यजमान कौतुकाने बाग दाखवतात: हे जायफळाचे झाड, ही मिरवेल, हा मोगरा. विहिरीवरून कळश्या वाहणारी घरधनीण मागे चहाचा पेला घेऊन उभी असते. बाग एकाच्या हौसेची आणि कंबर दुसरीची, असे असेल तर त्या बागेविषयी बोलताना थोडा संकोच वाटायला हवा.

दुसऱ्या दिवसापासून आवारातला क्रम बदलला. सकाळी पहिला तास गडग्यापाशी येणाऱ्यांचा. मग माड, कारण माड तहान विसरत नाही. या उन्हाळ्याच्या हालांचा परिणाम पुढची दोन-तीन वर्षे नारळांच्या संख्येत दिसतो. पण आळ्यांत सोडणे आणि पालापाचोळा यांचे जाड आच्छादन घातले, आणि पाणी सूर्य मावळल्यावरच द्यायचे ठरवले. दुपारी माना टाकलेली पाने पाहून आपला जीव कळवळतो, पण पुष्कळ झाडे तेव्हा फक्त ऊन चुकवत असतात आणि संध्याकाळी आपली आपण सावरतात. जुन्या कलमांना काही दिले नाही. थोडी फळे गळाली, काहींत साका निघाला. केळींना स्वयंपाकघरातले धुणावळीचे पाणी. गुलाब शेवटी, उरले तर. उरले नाही. चौदांपैकी अकरा कुंड्या मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाळून गेल्या.

मारियामातेच्या ग्रोटोला त्या वर्षी गुलाब नव्हते. मुलांनी रस्त्याकडेचा बहावा आणला. त्याला कोणी पाणी घालत नाही, आणि ऐन उन्हात तो पिवळ्या घोसांनी लगडलेला असतो. दोघातिघांनी नापसंती दर्शवली. वेदीला जंगली फुले बरी दिसत नाहीत म्हणे. मला ती बरी दिसली. तरी एक कबूल करतो: त्या अकरा कुंड्यांचे मला वाईट वाटले, आजही वाटते, आणि ते वाटू नये असे मला वाटत नाही. क्रम लावला म्हणजे हळहळ संपते, असे अक्वायनस यांनीही कोठे म्हटलेले नाही.

मेच्या अखेरीस मी मावशींकडे गेलो. भांडी विसळलेले पाणी त्या आता तांब्याने कढीपत्त्याला आणि अळवाला घालत होत्या. तेवढेच त्यांना पेलत होते. अनंताची पाने करडी होऊन गळाली होती. मी म्हटले, "मावशी, त्या दिवशी मी नीट ऐकलं नाही." त्या म्हणाल्या, "राहू दे, फादर. माझं ठरलंय. पण माझ्याच्यानं तोडवत नाही." त्यांनी पडवीतून कोयती आणून माझ्या हातात दिली.

जमिनीपासून वीतभर बुंधा ठेवून मी झाड तोडले. अनंत कधी कधी बुंध्यातून फुटतो, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, हो म्हणाल्या नाहीत. मग पदर खोचून खाली बसल्या आणि फांद्यांचे वीतवीत तुकडे मोडून मोळी बांधू लागल्या. पावसात अंघोळीचे पाणी तापवायला होतील, म्हणाल्या.