हातातली विद्या आणि आपली घासाघीस

मागच्या गुरुवारी सत्संगात विषय होता, "काम हीच पूजा". मी पण दोन शब्द बोलले आणि उदाहरण दिलं आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांचं. "रंधा चालवताना ते जप करत असल्यासारखे दिसतात," असं म्हटलं. सगळ्यांना आवडलं. पण घरी आल्यावर मलाच चैन पडेना. का ते आज लिहिते.

गोष्ट पोळ्याच्या आधीची. नातू नागपूरहून आला होता, वय वर्षं दहा. सोबत त्याचा लाकडाचा नंदी. आपल्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, तसा नागपूरकडे त्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडाचे बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मागतात. रघुजीराजे भोसले दुसरे यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असं तिकडे सांगतात. तर या नंदीचा मागचा पाय मोडला आणि एक चाक निघालं. नातवानं रडून घर डोक्यावर घेतलं. मी त्याला घेऊन मिस्त्रीकाकांकडे गेले.

मला वाटलं, खिळा ठोकतील, फेव्हिकॉल लावतील, अर्ध्या तासात काम होईल. काकांनी नंदी उलटासुलटा पाहिला आणि नातवाला विचारलं, "तूच करशील का?" पोरगं एका पायावर तयार!

पहिल्या दिवशी त्याच्या हाती लाकूड दिलंच नाही. पटाशीचं पातं दगडावर घासून धार कशी लावायची, एवढंच शिकवलं. दुसऱ्या दिवशी सागाचा तुकडा दिला. "आधी बोट फिरव. शिरा कोण्या बाजूनं चालल्या ते पाह्य. उलट्या बाजूनं रंधा मारशील तर लाकूड फाटते." पोरानं उलटाच मारला. लाकूड खरखरीत झालं, शिरा उचलल्या गेल्या. काका रागावले नाहीत. तुकडा फिरवून त्याच्या हातात दिला, एवढंच. तिसऱ्या दिवशी पायाचं टोक कोरून कुसू केलं, नंदीच्या पोटाला तेवढीच खाच पाडली. गुण्या लावून पाहिलं, तर पाय तिरपा. पुन्हा तासायला लावलं.

माझा धीर सुटला. म्हटलं, "काका, बाजारात नवा नंदी मिळून जाते. याच्यात चार दिवस कुठं घालवता?"

ते म्हणाले, "घाई काहून करता वहिनी? लाकूड काई पळून चाललं का?"

चौथ्या दिवशी खिळा न मारता पाय घट्ट बसला. नातवाचा चेहरा मी विसरणार नाही. परीक्षेत नंबर आला तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

हेच मी सत्संगात सांगितलं. जे सांगितलं नाही ते पुढचं आहे. निघताना मी काकांना म्हटलं, "तुमचं काम म्हणजे साधनाच आहे." ते हसले. म्हणाले, "साधना म्हणता ते बरं वाटते वहिनी. पण माझ्या पोराला हे काम येते म्हणून कोणी पोरगी देत नाही. तो आता सौंसरला मोबाईलच्या दुकानात बसते. तुम्हीच सांगा, मी त्याला कोण्या तोंडानं रंधा धर म्हणू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उलट आठवलं ते असं की, बारा वर्षांपूर्वी आमचं देवघर याच काकांनी केलं होतं. त्यांनी सांगितलेल्या मजुरीतून मी घासाघीस करून पाचशे रुपये कमी केले होते आणि वर शेजारणीला कौतुकानं सांगितलंही होतं. रोज त्याच देवघरासमोर बसून मी जप करते.

तर प्रश्न हा आहे. हाताच्या कामाची आपण नुसती स्तुती करतो, की त्याला मान देतो? खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहतो. पण ते हत्यार धरणाऱ्या हाताशी आपण कसं वागतो?

आमच्या घरच्यांचं म्हणणं वेगळं पडलं. ते म्हणाले, "मशीननं स्वस्तात होते, गरिबालाही खुर्ची-टेबल परवडते. त्यात वाईट काय?" खरं आहे. मिस्त्रीकाका स्वतःही मोठ्या कामाला विजेवरचा रंधा वापरतात. मशीन म्हणजे पाप नाही. पण त्यांचंच म्हणणं, ज्यानं आधी हातानं काम केलं त्याला लाकूड कळते, मग मशीनही नीट चालवता येते. म्हणजे भांडण मशीनशी नाहीच. ज्याला कळतं त्याची आपण किंमत ठेवतो का, एवढाच मुद्दा आहे.

हा विचार आपल्या भागाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथून जवळच वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि नई तालीमचा विचार मांडला. मुलांनी हाताच्या कामातून शिकावं, असा तो विचार. त्यात सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामही होतं, आणि ते कोण्या एका जातीच्या पोरांसाठी नव्हतं, सगळ्यांसाठी होतं. मला यात मोठी गोष्ट दिसते. एकाच घरात जन्मल्यामुळे गळ्यात पडलेलं काम ओझं होतं. तेच काम सगळ्यांची पोरं शिकली तर ती विद्या होते.

आता सरकारनंही १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आणली आहे. त्यात १८ कामं आहेत, सुतारकामही आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. चांगलंच आहे. आपल्या ओळखीतल्या कारागिरांना जरूर सांगा. पण काका म्हणतात, "सात दिवसात हत्याराची ओळख होते. हात बसायला वर्षं लागतात." आणि त्या वर्षांमध्ये शिकणाऱ्याला मान देणं सरकारच्या हातात नाही, ते आपल्याच हातात आहे.

परवा मी पाचशे रुपये घेऊन काकांकडे गेले. जुनी गोष्ट सांगितली. त्यांना आठवतही नव्हतं. पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "ते राहू द्या. दिवाळीआधी दारं करायची म्हणत होते ना भाऊजी? तेव्हा भाव करू नका, झालं." मग थोडं थांबून म्हणाले, "अन् पोराला सुट्टीत पाठवजा. धार लावायची त्याची अजून कच्ची आहे."

लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ अजूनही नाही. माझी मुलगी आज लग्नाची असती, तर त्यांच्या घरी दिली असती का? खरं सांगायचं तर, लगेच हो म्हणवत नाही. हे लिहिताना लाज वाटते. पण गुरूंपुढे खोटं बोलून उपयोग काय? पोराच्या हातातला गुण्या दाखवतो तसं आहे ते. तिरपं ते तिरपंच, पुन्हा तासावं लागतं.

या महिन्यात एवढा संकल्प करू या. घरी सुतार, कुंभार, चांभार, शिंपी, कोणाचंही हाताचं काम करून घेतलं तर मजुरीत घासाघीस करायची नाही. आणि घरातल्या एका मुलाला एक दिवस त्यांच्याजवळ नेऊन बसवायचं. काय अनुभव आला तो ग्रुपवर नक्की लिहा.

॥ जय गुरुदेव ॥
आपली एक सेविका, पांढुर्णा