‘सावधान’ कधी म्हणावं?

लग्नाच्या मांडवात ‘सावधान’ ऐकून नारायण ठोसर पळाले आणि पुढे समर्थ रामदास झाले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तुम्ही-आम्ही मात्र तोच शब्द ऐकून हसतमुखाने उभे राहिलो! विनोद सोडा, पण भटजी तो शब्द अंतरपाट दूर होण्याआधी म्हणतात. नंतर कुणी म्हणत नाही.

मी मिरजेला एमबीबीएस केलं. घरून निघताना आई विजारीला आतून चोरखिसा शिवून द्यायची. एस.टी. स्टँडवर ‘खिसेकापूंपासून सावध रहा’ ही पाटी असायचीच, आणि रेल्वेत ट्रंक साखळीने बाकाला बांधल्याशिवाय झोप लागत नसे. वेंटवर्थव्हिलला आलो आणि ही सवय हळूहळू सुटली. इथे पार्सल दिवसभर दारात पडून असतं, कुणी हात लावत नाही, असं मी फोनवर कौतुकाने सांगत असे.

2018 च्या गौरींसाठी सासूबाईंच्या पाटल्या लॉकरमधून आणल्या होत्या. सण झाल्यावर परत ठेवायला निघालो. वाटेत स्टेशनजवळ गाडी लावली, पिशवी सीटखाली सरकवली आणि पंधरा मिनिटांत येतो म्हणून किराणा घ्यायला गेलो. आलो तेव्हा मागची काच फुटलेली होती. पिशवी नव्हती.

‘अहो, गाडीत कशाला ठेवल्यात?’ हा प्रश्न मला त्या आठवड्यात निदान दहा जणांनी विचारला. एका वडीलधाऱ्यांनी, मागच्या जन्मीचं देणं फिटलं, असं समाधान केलं. देवळाबाहेरून चपला गेल्या की पीडा गेली म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. चपलांच्या बाबतीत मला ते पटतं. पण या पाटल्या सासूबाईंनी शिक्षिकेच्या पगारातून पै-पै साठवून केल्या होत्या. सौ. एक शब्दही बोलली नाही, आणि तेच मला सर्वांत जड गेलं.

चूक माझी होती, हे कबूल. पण चोरी चोराने केली, मी निष्काळजीपणा केला. या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीतली रक्कम दुसरीतून वजा होत नाही. मालक गाफील होता म्हणून चोराचा गुन्हा माफ करा, असं कुठलंच न्यायालय म्हणत नाही. आपण दिवाणखान्यात बसून मात्र ते सहज म्हणतो.

मीही म्हटलं होतं. 2009 सालची गोष्ट. फेब्रुवारीत मेलबर्नमधल्या पोलिसांनी भारतीय विद्यार्थ्यांना सल्ला दिला होता, की रस्त्यात आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, आयपॉड आणि फोन उघडपणे मिरवू नका. जूनमध्ये आपल्यापासून तीन स्टेशनांवरच्या हॅरिस पार्कमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात एक मुलगा आला. रात्री त्याचा फोन हिसकावून घेतला होता, भुवईवर खोक पडली होती. टाके घालता घालता मी म्हणालो, ‘इतक्या रात्री एकटा कशाला फिरतोस? फोन हातात कशाला धरायचा?’ तो हॉटेलातली शिफ्ट संपवून चालत घरी निघाला होता. फोन आईला लावत होता. ‘हो, डॉक्टर,’ एवढंच म्हणाला. टाके काढायला तो माझ्याकडे आला नाही.

सल्ला चुकीचा नव्हता. तो सिडनीत उतरला त्याच आठवड्यात दिला असता, तर तो आईचा चोरखिसा ठरला असता. मी दिला हातात सुई असताना. का दिला, याचं उत्तर पाटल्या गेल्यावर सापडलं, आणि ते फारसं भूषणावह नाही. त्याची चूक एकदा सापडली, की आमच्या घरात तसं होणार नाही अशी माझी खात्री पटत होती. मला त्याची काळजी कमी आणि स्वतःची भीती जास्त होती.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारचे व्यापार आणि पाचवं दैव. असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही, असंही पुढे म्हटलं आहे. हॉस्पिटलमध्ये चुकीचं औषध दिलं गेलं की आम्हीही हल्ली एकट्या नर्सला धारेवर न धरता, साखळीतल्या कुठल्या कुठल्या कड्या निसटल्या ते पाहतो. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाकाचं प्रकरण आहे, त्याच्या शीर्षकातच आत्मस्वातंत्र्यही आहे. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा घेतो, की मागचं कर्म दुसऱ्याच्या तोंडावर मारण्यासाठी नाही. माझा वाटा मी मोजावा, आणि पुढचं पाऊल माझ्या हातात आहे. सौ.ची मी क्षमा मागितली, ती उशिराच. लॉकरचं काम आता दोघं मिळून करतो, मध्ये कुठेही न थांबता.

यंदा गणपतीत कार पार्कची ड्यूटी मी मागून घेतली आहे. सीटवर पर्स किंवा लॅपटॉप दिसला तर मी हटकणार, राग मानू नये. आणि इतकं करून आरतीनंतर कुणाची काच फुटलेली सापडलीच, तर मी काही विचारणार नाही. पोलिसांचा 131 444 नंबर लावून देईन आणि घरी सोडीन. डबीत प्रसाद असेलच.